‘स्वेच्छेने’ म्हणजे कोणाच्या इच्छेने?

एरवी या सदरात सोसायटीचं पार्किंग, वारसाहक्क, पेन्शन असं मिसळणीचं ताट असतं. या महिन्यात टपालाचा नूरच वेगळा आहे. ऐरोली, रबाळे, महापे, कोपरखैरणे, घोडबंदर रोड असे पत्ते निरनिराळे, पण विषय एकच: नोकरीवरून घरी पाठवणं. पार्किंगवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी १९७९ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागले आणि १९९८ साली पर्सोनेल ऑफिसर म्हणून त्याच गेटातून बाहेर पडले, कारण कारखानाच उरला नाही. पुढची पंधरा वर्षं वाशीत एका कामगार कायदा सल्लागारांकडे काढली. मी वकील नाही. पण माणसांना घरी पाठवायची पत्रं टेबलाच्या त्या बाजूला बसून टाइप केली आहेत आणि एक पत्र या बाजूला बसून घेतलंही आहे.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला एका मोठ्या आयटी कंपनीत चौदा वर्षं आहे. वय ४३. गेल्या मंगळवारी दुपारी साडेतीनला एचआरने ‘पंधरा मिनिटांचा कनेक्ट’ लावला. कॉलवर माझा मॅनेजरही होता, पण त्याचा कॅमेरा बंद. माझ्या स्किलची आता गरज नाही, पोर्टलवर राजीनामा टाका, तीन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलिव्हिंग लेटर देतो, असं सांगितलं. नाही टाकला तर टर्मिनेट करू आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये ते दिसेल, असंही. सोमवारपर्यंत मुदत आहे. घोडबंदर रोडच्या फ्लॅटचा हप्ता ४६,००० आहे, अजून अकरा वर्षं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये कंपनीच्या मेडिक्लेमवर ठरलंय. मुलगी दहावीला. बायकोला अजून बोललो नाही. राजीनामा टाकू का?
(एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : तुमची मुदत अंक निघायच्या आत संपत होती, म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, तुमच्या परवानगीने. नाही. त्या कॉलच्या धाकाने पोर्टलवर एक अक्षर टाकू नका.

राजीनाम्याचं कारण निवडायची यादी तुम्ही मला फोनवर वाचून दाखवलीत. वैयक्तिक कारण, उच्च शिक्षण, चांगली संधी, प्रकृती. ‘एचआरने मंगळवारी साडेतीनला सांगितलं म्हणून’ असा पर्याय त्यात नव्हता. यादीतलं काहीही निवडा, कागदावर ती तुमची इच्छा होते, आणि पुढे प्रत्येक दारात तोच कागद दाखवला जातो.

आता तीन महिन्यांच्या पगाराकडे बघू. नेमणूकपत्र काढून नोटीस पीरियड वाचा म्हटलं, तर निघाला नव्वद दिवस. म्हणजे जे तुम्हाला करारानेच द्यायचं आहे तेच ‘पॅकेज’ म्हणून पुढे केलंय. आयजीच्या जिवावर बायजी उदार. उलट, कंपनीने स्वतः तुम्हाला कमी केलं, तर कायद्यात त्याला कपात म्हणतात आणि कपातीची भरपाई पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार अशी आहे. चौदा वर्षं गुणिले पंधरा दिवस म्हणजे दोनशे दहा दिवस. सात महिने. नोटिशीचा पगार वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी. एका राजीनाम्याने तुम्ही सात महिन्यांवर पाणी सोडणार होतात, आणि वर आभाराची मेल लिहिणार होतात.

पेपरात ज्याला ‘लेऑफ’ म्हणतात त्याबद्दल जाता जाता. आमच्या वेळी ले-ऑफ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, म्हणून चार दिवस घरी बसा, नाव पटावर, निम्मा पगार चालू. कायद्यात आजही त्याचा अर्थ तोच आहे. कायमचं घरी पाठवण्याला हा सौम्य शब्द कोणी चिकटवला कोण जाणे. तुम्ही एचआरशी बोलताना ‘कपात’ म्हणा किंवा ‘रिट्रेंचमेंट’ म्हणा. समोरचा लगेच खुर्चीत सरळ होतो.

यात एक मोठी गोम आहे. सात महिन्यांचा हिशेब ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच लागतो. कार्डावर ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ छापलं म्हणून माणूस त्यातून बाहेर पडत नाही, कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं. तुम्ही दिवसभर कोड लिहिता, तपासता, तक्रारींची ‘तिकिटं’ सोडवता, की माणसांच्या रजा मंजूर करता, त्यांचे अप्रेझल लिहिता? पहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. दुसरं असेल तर अवघड आहे, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकासाठी वेतनमर्यादा महिना १८,००० रुपये आहे. आयटीतला खराखुरा पर्यवेक्षक त्यात कुठून बसणार? मग करारातल्या शर्तींवरच लढावं लागतं. तुमचं काम दोन्हीच्या मधलं आहे, म्हणून गेल्या दोन वर्षांत रोज काय केलंत ते एका कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जा. तुम्ही फोनवर विचारलेली सरकारी परवानगीची अट, म्हणजे तीनशे किंवा जास्त कामगार असले तर कपातीआधी परवानगी, ही कारखाने, खाणी आणि मळ्यांना आहे. काचेच्या इमारतींना नाही.

टर्मिनेशनच्या धमकीचं मला हसू आलं, माफ करा. गैरवर्तनासाठी काढायचं तर आरोपपत्र लागतं, चौकशी लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. गरज उरली नाही म्हणून काढलं तर तो तुमच्या चारित्र्यावर डाग नाही, तसं पत्रात लिहून मिळतं. या दोन गोष्टींची कालवाकालव करून माणसाला घाबरवण्याची रीत जुनीच आहे. आम्हीही करत होतो. त्यावर पुढे बोलते.

मग करायचं काय? एचआरला आणि मॅनेजरला एक मेल: ‘दिनांक अमुक रोजी दुपारी ३.३० च्या कॉलवर मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही. मी कामावर हजर आहे. माझी सेवा संपवण्याचा कंपनीचा निर्णय असल्यास तो कारणासह लेखी कळवावा.’ एवढंच. चौदा वर्षं काय काय केलं, कोणत्या रात्री घरी गेला नाहीत, यातलं काही नको. त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, कोण काय बोललं तेही उतरवून ठेवा. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं घरच्या मेलवर घ्या, पण क्लायंटचं एक पानही घेऊ नका. नसलेलं गैरवर्तन आपण होऊन त्यांच्या हातात द्यायचं नाही. पीएफच्या यूएएनला, म्हणजे खात्याच्या कायम क्रमांकाला, जोडलेला मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा आहे ना तेही बघा. पुष्कळांचा ऑफिसने दिलेला असतो, आणि सिमकार्ड लॅपटॉपबरोबरच परत जातं.

मी तुम्हाला हुतात्मा व्हायला सांगत नाही. हातात दुसरी नोकरी असेल, किंवा देऊ केलेली रक्कम सात महिन्यांच्या वर जात असेल, तर खुशाल राजीनामा द्या. पण आधी भाव करा. पहिली मागणी पगाराची नको, मेडिक्लेमची करा. ऑपरेशन होईपर्यंत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, कुटुंबाचं विमाकवच चालू ठेवा म्हणावं. कंपनीला त्याचा खर्च किरकोळ असतो, तुमचे लाखो रुपये वाचतात, आणि अशी मागणी एचआरलाही वर नेऊन मंजूर करून आणायला सोपी जाते. ते नाहीच झालं, तर गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधीची वर्षं धरली जातात. मात्र अर्ज नोकरीचा शेवटचा दिवस उजाडायच्या आत करायचा.

ग्रॅच्युइटीचं गणित तुम्ही फोनवर चुकीचं केलंत. तीसने नाही, सव्वीसने भागायचं. मूळ वेतन ५२,००० गुणिले १५, भागिले २६, म्हणजे ३०,०००. गुणिले १४, म्हणजे ४,२०,०००. चौदा वर्षांवरचे तुमचे चार महिने धरत नाहीत, सहा महिन्यांच्या वर असते तर वर्ष धरलं असतं. ही रक्कम राजीनाम्यातही मिळते आणि कपातीतही. कोणी ती ‘पॅकेज’मध्ये घालून दाखवली तर बाहेर काढायला लावा. देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी. बाकी पगाराचा हिशेब नव्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, ‘पंचेचाळीस दिवसांनी एफअँडएफ’ (शेवटचा हिशेब) ही जुनी सवय झाली.

हप्त्याचं मात्र मनावर घ्या. सलग नव्वद दिवस थकबाकी राहिली की बँकेच्या लेखी खातं बुडीत वर्गात जातं, आणि मग साठ दिवसांची नोटीस देऊन बँक घरावर येऊ शकते. तशी वेळ यायच्या आत, पहिला हप्ता चुकायच्याही आधी, शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. मिळालेले पैसे कर्ज फेडण्यात ओतू नका. व्याज वाचतं हे खरं, पण एकदा बँकेत गेलेला पैसा दुधाचं आणि वाण्याचं बिल भरायला परत येत नाही. बारा हप्ते बाजूला काढा, उरलं तर बघू. कर्जाबरोबर ‘नोकरी गेली तर तीन हप्ते आम्ही भरू’ असा विमा तुम्हाला विकला होता ना? त्याची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक अशा पॉलिसींत स्वतः दिलेला राजीनामा वगळलेला असतो. परत तोच कागद.

पीएफला हात लावू नका. बायकोला आज सांगा.

(ताजा कलम : मेल सोमवारी सकाळी गेली. तिला उत्तर आलं नाही. बुधवारी पुन्हा कॉल आला, या खेपेला आवाज बराच मऊ होता. अंक छापायला जाईपर्यंत हे गृहस्थ नोकरीत आहेत, बेंचवर, म्हणजे पगार चालू पण हातात क्लायंटचं काम नाही. मेडिक्लेमबद्दल ‘वर विचारतो’ म्हणालेत.)

प्रश्न : आमच्या ह्यांची नोकरी शाबूत आहे, तरी घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. टीम अकराची होती, वर्षभरात पाच जण सोडून गेले, एकाचीही जागा भरली नाही. त्यांचं सगळं काम उरलेल्यांच्या गळ्यात. रात्री दीडला उठून फोन बघतात, काही आलंय का म्हणून. आणि कंपनी तर दर तिमाहीला सांगते की गळती, म्हणजे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, कमी झाली, सगळं आलबेल आहे. मग माणसं का काढतायत? राहिलेत ते मूर्ख आहेत का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जे शहाण्यासुरत्या अर्थतज्ज्ञांना टीव्हीवर उलगडत नाही ते तुम्ही एका ओळीत धरलंय. गळती कमी झाली म्हणूनच माणसं काढतायत.

२०२२ आठवा. घरोघरी पोरं तीस-चाळीस टक्के पगारवाढीवर उड्या मारत होती. त्या वर्षी जूनच्या तिमाहीत इन्फोसिसची गळती २८.४ टक्के होती, टीसीएसची सप्टेंबरात २१.५ टक्के. म्हणजे शंभरातली वीस-पंचवीस माणसं वर्षात आपणहून जात होती. अशा वेळी कंपनीला माणसं कमी करायची झाली तर काही करावं लागत नाही. भरती थांबवायची आणि वाट बघायची. मग बाहेरची कामं आटली, बाहेरच्या ऑफर आटल्या, आणि जो तो खुर्ची घट्ट धरून बसला. गळती खूप खाली आली. आता माणसं आपणहून जात नाहीत म्हटल्यावर जायला लावावी लागतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,२६१ माणसं, एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करणार म्हणून जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. त्या आठवड्यात हिरानंदानी इस्टेटपासून ऐरोलीपर्यंत किती घरांत जेवणं झाली नसतील.

आणखी एक. कंपन्या तिमाहीला जी गळती छापतात ती सहसा ‘स्वेच्छेने’ गेलेल्यांची असते: बारा महिन्यांत आपणहून सोडून गेलेले, भागिले सरासरी कर्मचारी. काढून टाकलेले त्यात धरत नाहीत. मग मागच्या प्रश्नातल्या गृहस्थांनी पोर्टलवर ‘वैयक्तिक कारण’ निवडलं असतं तर ते कोणत्या रकान्यात गेले असते? तुमच्या ह्यांच्या टीममधले पाच कोणत्या रकान्यात गेले, तेही एकदा विचारा त्यांना. पाचातल्या एखाद्याचं उत्तर वेगळं येईल.

ह्यांच्या नोकरीला धोका किती, ते एका शब्दावर कळतं: बिलिंग. त्यांचे तास क्लायंटला लावले जातात का? टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ दिवस बिलाच्या कामावर आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम केला. इतर ठिकाणी आकडे वेगळे असतील, हिशेब तोच. तिघांचं काम एकटा करणारा आणि ज्याचं बिल लागतं असा माणूस यादीत सहसा वर नसतो. तो आजारी पडून जातो, हा भाग वेगळा. ह्यांना सांगा, आलेल्या जादा कामाची यादी करा आणि मॅनेजरला मेलने विचारा, ‘यातलं आधी कोणतं, आणि कोणतं राहिलं तर चालेल?’ एक तर काम हलकं होतं, नाही तर निदान आपण किती वाहतोय ते लेखी राहतं.

रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. असल्या बातम्या दीड वाजता येत नाहीत. त्या दुपारी साडेतीनला येतात.

प्रश्न : मी महाप्याला एका टॉवरमध्ये आठ वर्षं हाउसकीपिंगला आहे. ठेकेदार तीनदा बदलला, आम्ही बायका त्याच. आता दोन मजले रिकामे झाले, म्हणून सहा जणींना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले. साहेब लोकांचं पेपरात येतं. आमचं काय?
(भाचीकडून लिहून घेतलं आहे.)

उत्तर : तुमचं पेपरात येत नाही हे खरंच आहे. तिन्ही ठेकेदारांनी दिलेली ओळखपत्रं, हजेरीचे फोटो, बँकेत पगार आलेल्या नोंदी, जे असेल ते एका पिशवीत घाला. भाचीला तुमचा यूएएन घालून पीएफचं पासबुक काढायला सांगा. तिन्ही ठेकेदारांनी पैसे भरलेत का, की मधल्याने दोन वर्षं बुडवलीत, ते त्यात दिसेल. पीएफ किंवा पगार ठेकेदाराने बुडवला असेल तर ज्या कंपनीच्या जागेत काम केलंत तिची जबाबदारी असते, टॉवरच्या ऑफिसात ते ठणकावून सांगा. ग्रॅच्युइटीवर वाद होईल. प्रत्येक ठेकेदार म्हणेल की माझ्याकडे पाच वर्षं झालीच नाहीत. त्यासाठी सहाही जणी मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. एकटीने जाऊ नका, सहा जणी दारात उभ्या राहिल्या की कारकुनाला पेन लवकर सापडतं. आणि हातात काही पैसे टेकवून कोऱ्या कागदावर सही मागतील. करायची नाही.

प्रश्न : मुलीसाठी स्थळ आलंय. मुलगा आयटीत, ठाण्यात स्वतःचा फ्लॅट, घरचे चांगले. पण आमचे मेहुणे म्हणतात, आयटीचा आता भरवसा नाही, बँकेतला बघा. होकार द्यावा का?
(एक वाचक, नौपाडा)

उत्तर : १९८५ साली माझ्या आत्तेबहिणीला ‘कंपनीतला’ मुलगा हवा होता, कारण बँकेत पगार कमी. ती ज्या कंपनीवर भाळली तिच्या जागेवर आज मॉल आहे. दोघांचा संसार उत्तम चाललाय. मुलाला एवढंच विचारा की फ्लॅटवर कर्ज किती आणि हप्ता पगाराच्या किती टक्के. निम्म्याच्या वर म्हणाला तर नोकरीची नाही, त्याच्या अकलेची काळजी करा. आणि मुलगी स्वतः कमावते का, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. मेहुण्यांना लाडू द्या.

प्रश्न : मी रबाळ्याला डिलिव्हरी मॅनेजर आहे, हाताखाली एकोणीस जण. शुक्रवारी मला तीन नावं द्यायची आहेत. कारण काय लिहायचं तेही आलंय: ‘परफॉर्मन्स’. माझ्या डोळ्यांपुढे तीन चेहरे येतात. एक मुलगी जी बाळंतपणाच्या रजेवरून महिन्यापूर्वी परत आली, एक पन्नाशीचे गृहस्थ ज्यांचा पगार जास्त आहे, आणि एक मुलगा ज्याचं काम खरंच सुमार आहे. नावं दिली नाहीत तर चौथं नाव माझं असेल, असं स्पष्ट सांगितलंय. झोप उडालीय. काय करू?
(एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : तुम्ही नावं देऊ नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः दिली आहेत, आणि त्या वेळी मला कोणी ‘देऊ नका’ म्हटलं असतं तर मी त्याला माझ्या घराचा हप्ता भरायला सांगितलं असतं.

पण ‘परफॉर्मन्स’ लिहू नका. गेल्या एप्रिलमध्ये त्या मुलीला आणि त्या गृहस्थांना तुम्हीच काय रेटिंग दिलंत ते काढून बघा. चांगलं दिलं असेल, तर आता वाईट लिहिणं म्हणजे आपल्याच सहीवर बोळा फिरवणं. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तिथे एचआर नसेल, तुमचं नाव असेल. काम कमी झालं म्हणून जागा कमी होतेय, तर तसंच लिहा. ज्याचं काम सुमार आहे त्याला कधी लेखी सांगितलंय का? नसेल तर तोही ‘परफॉर्मन्स’चा बळी नाही, तुमच्या आळसाचा आहे.

त्या मुलीचं नाव काढा. रजेवर असताना बाईला काढायला कायद्याने मनाईच आहे. परतल्यावर महिन्यात काढलं तर कंपनी म्हणेल रजेशी संबंध नाही. संबंध आहे की नाही, ते तुम्हाला माहीत आहे. सव्वीस आठवडे जी माणूस जागेवर नव्हती तिचं या वर्षाचं काम इतरांच्या शेजारी ठेवून मोजणं मुळातच खोटं माप आहे, आणि हे वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये लिहून वर पाठवता येतं.

उरलेल्यांत निवड कशी करायची? कायद्यातला जुना नियम आहे: एकाच प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो, आणि तसं करायचं नसेल तर कारण लेखी नोंदवायचं. तुमच्या टीमला तो शब्दशः लागू होवो न होवो, निकष आधी लिहा, नावं नंतर. डोळ्यांपुढे चेहरे आधी आले की निकष त्यांच्या मापाने शिवला जातो. पन्नाशीचे गृहस्थ ‘महाग’ आहेत हा निकष असेल, तर तोही लिहायची हिंमत वरच्यांना दाखवू द्या. बहुधा दाखवणार नाहीत.

मघाशी म्हटलं होतं की पुढे बोलते. १९९७ साली आमच्याकडे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. योजना युनियनला मान्य होती, रक्कम वाईट नव्हती, पण एकेकाला बोलावून ‘घेतली नाहीस तर सहा महिन्यांनी हेही मिळणार नाही’ असं सांगायचं काम पर्सोनेलचं, म्हणजे माझं होतं. कँटीनमध्ये टेबल मांडून बसायचे. एक फिटर होता, दिवा गावचा, मोजकं बोलणारा. त्याने फॉर्म हातात घेतला, सावकाश वाचला आणि विचारलं, ‘बाई, स्वेच्छेने म्हणजे कोणाच्या?’ मी काहीतरी बोलले. काय, ते आठवत नाही. तो अकरा दिवस आला नाही. बाराव्या दिवशी आला, सही केली आणि सहीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘साहेबांनी सांगितल्यावरून’.

फॉर्म वर गेला तसा परत आला. असा चालणार नाही, नवा घ्या. मी नवा फॉर्म टाइप केला आणि त्याला परत बोलावलं. त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि नुसती सही केली. त्या खोलीत मी होते, साहेब नव्हते. साहेबांना काम होतं.

पहिल्या प्रश्नातला मॅनेजर कॅमेरा बंद करून का बसला होता ते मला माहीत आहे. तुम्ही चालू ठेवा, किंवा त्यापेक्षा बरं म्हणजे समोर बसवून बोला. ‘वरून आलंय’ म्हणू नका, नाव तुम्ही दिलंय. राजीनामा टाका असं सुचवू नका, पत्र द्या आणि पत्रात खरं कारण असू द्या. आणि शुक्रवार संध्याकाळ नको. तुमची नावं शुक्रवारी जाऊ देत, पण माणसांना सोमवारी सकाळी अकराला सांगा. सोमवारी बँक उघडी असते, वकील भेटतो, मित्र फोन उचलतो. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं की माणूस दोन दिवस बाल्कनीत बसून राहतो आणि घरच्यांना वाटतं, सुट्टी आहे.